पँटची क्लिप, साडीची जाळी आणि कलम ४३: सायकलवरून कामाला जाणाऱ्यांच्या कपड्यांचा इतिहास

(आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याच्या ओघात अर्धवट राहिलेली वाक्यं पूर्ण केली आहेत, बाकी बोलणं शक्यतो तसंच ठेवलं आहे.)

आजचा विषय ऐकायला अगदी किरकोळ वाटेल. सायकलवरून कामाला जायचं, तर कपड्यांचं काय करायचं? म्हणजे बघा, घरातून निघताना इस्त्रीचे कपडे अंगावर असतात. सहा-सात मैल सायकल मारली की घाम, धूळ, पावसाळ्यात चिखल आणि चेनचं काळं तेल. आणि कामावर पोचल्यावर मात्र माणूस नीटनेटका दिसायला हवा. हा प्रश्न सायकलइतकाच जुना आहे. तो कोणी सोडवला, कसा सोडवला आणि कोणाच्या वाट्याला न सुटलेलाच राहिला, हे पाहायला गेलं की सायकलीबरोबर कामगार कायदा येतो, बायकांचे पोशाख येतात, आणि पुण्यासारख्या सायकलींच्या शहराने सायकल का सोडली याचंही थोडंफार उत्तर हाती लागतं.

सोयीसाठी एक मांडणी करू. कपड्यांचा हा प्रश्न तीन जण सोडवू शकतात. एक, स्वतः सायकलस्वार: कपडे खोचून, दुमडून, क्लिप लावून. दोन, सायकल बनवणारा: चेनला झाकण, चाकाला जाळी देऊन. आणि तीन, कामाची जागा: कपडे बदलायला खोली, हातपाय धुवायला नळ, ओले कपडे वाळत घालायला दोरी देऊन. आजची सगळी गोष्ट या तिघांमधली आहे. हे ओझं कधी कोणी उचललं आणि कोणी दुसऱ्याच्या खांद्यावर ढकललं, तेवढं बघत जायचं.

चेन आली आणि डाग आला

सुरुवात यंत्रापासून. सायकलचं आज आपल्याला ओळखीचं असलेलं रूप १८८५ सालचं. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री गावात जॉन केम्प स्टार्ली याने 'रोव्हर' नावाची सायकल बाजारात आणली. तिच्या आधी ते पुढचं चाक भलंमोठं आणि मागचं चिमुकलं अशी उंच सायकल होती. त्या सायकलला चेनच नव्हती. पॅडल थेट पुढच्या चाकालाच जोडलेलं. पडून हाडं मोडायची भीती भरपूर, पण चेनच्या तेलाचा डाग पडायची भीती नाही!

रोव्हरने दोन्ही चाकं जवळपास सारख्या आकाराची केली आणि पॅडलची ताकद चेनने मागच्या चाकाला दिली. १८८८ मध्ये डनलॉपने हवा भरलेला टायर आणला. सायकल सुरक्षित झाली, आरामशीर झाली, आणि मग ती फक्त धाडसी तरुणांची राहिली नाही. कारकून, शिक्षक, दुकानातले नोकर, परिचारिका, सगळेच तिच्यावर बसायला लागले. म्हणजे सायकल खेळातून कामाकडे आली आणि तिथेच कपड्यांचा प्रश्न उभा राहिला. खेळायला जाणारा माणूस खेळाचे कपडे घालतो. कामाला जाणाऱ्याला कामाचेच कपडे घालून निघावं लागतं.

चेन असते उजव्या बाजूला. त्यामुळे पँटचा उजवा पाय हा कायमचा आरोपी. तिथे काळा डाग पडणार, नाहीतर कापड चेन आणि दातेरी चक्राच्या मध्ये अडकून फाटणार. यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे पँटची क्लिप. पोलादी पट्टीची, अर्धवट वाटोळी, घोट्याशी पँट आवळून धरणारी. ज्याच्याकडे क्लिप नसेल तो रबरबँड लावायचा, नाहीतर पँट सरळ मोज्यात खोचायचा. म्हणजे पहिला उपाय सायकलस्वाराने स्वतःच शोधला आणि स्वतःच्या खिशातून केला. हे लक्षात ठेवा, कारण पुढेही बहुतेक वेळा असंच झालेलं दिसतं.

घागरा, पुली आणि कोर्टकचेरी

पुरुषाचा प्रश्न एका क्लिपवर भागला. बाईचं काय? त्या काळच्या इंग्लंडमधल्या बायकांचा घागरा पायघोळ, आत आणखी थर. तो मागच्या चाकात जायचा, चेनमध्ये जायचा, वाऱ्याने उडायचा. त्यातून अपघात व्हायचे.

लंडनमध्ये १८८१ पासूनच 'रॅशनल ड्रेस सोसायटी' नावाची एक संस्था होती. बायकांचे कपडे हालचालीला सोयीचे असावेत, एवढीच तिची मागणी. तिच्या पुढारी होत्या लेडी हार्बर्टन. १८९८ मध्ये या बाई सायकलवरून सरे परगण्यातल्या ऑकम गावी 'हॉटबॉय' नावाच्या हॉटेलात पोचल्या. अंगात सायकलचा पोशाख, म्हणजे ढगळ, दुभागलेली विजार. हॉटेलवालीने त्यांना कॉफी-रूममध्ये बसू दिलं नाही. बसायचं तर तिकडे दारूच्या गुत्त्याच्या बाजूच्या खोलीत बसा, म्हणाली. सायकलस्वारांच्या संघटनेने पाठबळ दिलं, १८९९ मध्ये खटला उभा राहिला, आणि हॉटेल सुटलं! कारण काय, तर बसायला दुसरी खोली देऊ केली होती ना, म्हणजे सेवा नाकारली असं होत नाही.

आता यातली गंमत बघा. रस्त्यावर त्या पोशाखाला काही अडचण नव्हती. अडचण आली ती सायकलवरून उतरल्यावर, उंबरठ्याच्या आत. सायकल चालवायला योग्य असलेला पोशाख पोचल्या जागी अयोग्य ठरला. कामाला जाणाऱ्या प्रत्येक सायकलस्वाराचा पेच नेमका हाच आहे.

या पेचातून वाट काढणाऱ्यांमध्ये मला सगळ्यात आवडते ती ॲलिस बायग्रेव्ह. लंडनची शिवणकाम करणारी बाई. १८९५ मध्ये तिने एका घागऱ्याचं पेटंट घेतलं. घागऱ्याच्या शिवणीत दोऱ्या आणि बारीक पुल्या लपवलेल्या. सायकलवर बसायच्या वेळी दोरी ओढली की घागरा पडद्यासारखा वर जायचा. उतरल्यावर सोडला की पुन्हा साळसूद, पायघोळ. वाटेत एक पोशाख, पोचल्यावर दुसरा, आणि बदलायला खोली लागत नाही. समाज बदलत नाही, हॉटेलवाली बदलत नाही, मग कापडानेच दोन रूपं घ्यायची. हुशारी बाईची, पण ओझंही बाईवरच.

नऊवारीचा काष्टा

आता आपल्याकडे येऊ. मराठी मुलखात सायकल कशी आली, याचा विषय निघाला की किर्लोस्करांचं नाव येतंच. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. तिथून ते सायकली घेऊन बेळगावला पाठवत, आणि त्यांचे बंधू रामूअण्णा त्या विकत. पुढे लक्ष्मणराव स्वतः बेळगावला आले, दोघा भावांचं सायकलचं दुकान झालं, आणि त्या दुकानातून वाढत वाढत नांगराचा कारखाना आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी. म्हणजे महाराष्ट्रातल्या एका मोठ्या उद्योगसमूहाची पायाभरणी सायकलच्या दुकानात झाली.

त्या काळचा सायकलवरचा मराठी पुरुष डोळ्यांसमोर आणा. डोक्यावर पगडी किंवा टोपी, अंगात कोट, खाली धोतर. धोतर हे सायकलसाठी वाईट की चांगलं? दोन्ही! काष्टा मारलेला असल्यामुळे पाय मोकळे, टांग टाकायला अडचण नाही. पण पुढच्या निऱ्या आणि सोगा लोंबतात, आणि वारा लागला की सोगा चेनकडे धावतो. मग काय करायचं? सोगा वर घेऊन कमरेला खोचायचा, नाहीतर कोटाच्या खिशात कोंबायचा. कचेरीशी उतरलं की सोगा बाहेर, निऱ्या सारख्या, टोपी नीट, आणि साहेबासमोर हजर. बायग्रेव्हबाईंना ज्यासाठी पुल्या लागल्या, ते काम धोतराने एका खोचण्यात केलं.

आणि आता खरा प्रश्न. लंडनच्या बायका दुभागलेला पोशाख मिळावा म्हणून भांडत होत्या. आपल्याकडे तो होताच की! नऊवारी लुगडं. काष्टा घातलेलं, दोन्ही पाय स्वतंत्र. त्या लुगड्यात बायका शेतात राबत होत्या, डोंगर चढत होत्या, घोड्यावरही बसत होत्या. म्हणजे सायकलसाठी अगदी तयार पोशाख. मग १८९५ च्या पुण्यात किंवा बेळगावात बायका सायकलवर का दिसत नव्हत्या?

कारण अडचण कापडाची नव्हतीच. अडचण परवानगीची होती. पोशाखाचं कारण पुढे करून जे नाकारलं जातं, ते बहुतेक वेळा पोशाखामुळे नाकारलेलं नसतं. पोशाख अनुकूल असला तरी नकार कायम राहतो, हे नऊवारीने दाखवून दिलं.

यातला दुसरा विरोधाभास तर आणखी बोचरा. विसाव्या शतकात मराठी मुली शाळा-कॉलेजात जायला लागल्या, नोकऱ्या करायला लागल्या, हळूहळू सायकलवरही बसू लागल्या. आणि नेमक्या त्याच काळात शहरातल्या शिकलेल्या बायकांनी नऊवारी सोडली आणि गोल पाचवारी घेतली. म्हणजे सायकलला सोयीचा पोशाख हातात होता तेव्हा सायकल नव्हती. सायकल हातात आली तेव्हा पोशाख गैरसोयीचा झाला होता.

पाचवारीतही बायकांनी सायकल चालवलीच, हे वेगळं सांगायला नको. निऱ्या जरा वर घ्यायच्या, पदर कमरेला घट्ट खोचायचा आणि निघायचं. तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता चळवळीबरोबर सायकल शिकण्याची चळवळ झाली. खेड्यापाड्यातल्या बायका साडी नेसूनच सायकल शिकल्या. लेडीज सायकली पुरेनाशा झाल्या, तर त्यांनी दांडीच्या, म्हणजे पुरुषांच्या सायकली घेतल्या. वर त्यांचं म्हणणं असं की दांडीवर पोराला बसवता येतं, ते बरंच आहे! परवानगीचा अडसर निघाला की कापडाचा अडसर किती लहान उरतो, ते यात दिसतं.

यंत्राने काय केलं

आता दुसऱ्या भिडूकडे वळू, सायकल बनवणाऱ्याकडे. त्याने काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. मधली दांडी खाली झुकवून लेडीज सायकल केली. मागच्या चाकाला मडगार्डपासून आसापर्यंत दोऱ्यांची जाळी विणली, घागरा आत जाऊ नये म्हणून. चेनला झाकण दिलं. इंग्लंडमधल्या सनबीम कंपनीची तर त्यासाठीच ख्याती होती. चेन पूर्ण बंद डब्यात, आणि तिला आतल्या आत तेलाची अंघोळ. चेनही टिकते आणि पँटही.

हॉलंडमधल्या लोकांनी हीच कल्पना शेवटपर्यंत नेली. तिथली रोजच्या वापराची सायकल बघा. चेन पूर्ण झाकलेली, मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लांब कोट अडकू नये म्हणून आडोसा, मडगार्ड मोठं, हँडल उंच. माणूस ताठ बसतो, सावकाश चालवतो, घाम कमी येतो. त्यामुळे वेगळे सायकलचे कपडे आणि वेगळे कामाचे कपडे, असा भेदच फारसा उरत नाही. सपाट मुलूख आणि थंड हवा यांचाही त्यात वाटा आहे. आपल्या मे महिन्यात ताठ बसून, सावकाश चालवूनही घाम चुकत नाही.

आपल्याकडे सुरुवातीला सगळ्या सायकली विलायतेहून यायच्या. रॅले, बीएसए, हर्क्युलस, हंबर ही नावं आजोबा-पणजोबांच्या तोंडी असायची. स्वातंत्र्याच्या सुमाराला देशी कारखाने उभे राहिले. १९४९ मध्ये मद्रासजवळ टीआय सायकल्स, १९५१ मध्ये सोनिपतला ॲटलस, १९५६ मध्ये लुधियान्याला हिरो. यांनी काढलेली काळी, जड, चोवीस इंची सायकल म्हणजे इंग्लिश सायकलचीच भारतीय बहीण. पुष्कळ सायकलींवर अर्धं चेनकव्हर असायचं, वरच्या बाजूला एक पत्रा. पूर्ण झाकण हवं तर जास्त पैसे मोजायचे. म्हणजे डागापासून संरक्षण मिळायचं, पण ऐपतीप्रमाणे.

कारकुनाची सकाळ, कामगाराची सकाळ

आता पुणे. सायकलींचं शहर ही पुण्याची ओळख कित्येक दशकं होती. पेन्शनर सायकलवर, प्राध्यापक सायकलवर, दूधवाला सायकलवर. महापालिकेचा सायकल-कर होता, त्याचा पत्र्याचा बिल्ला सायकलला लावावा लागायचा. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसली की पोलीस शिट्टी मारायचा.

या शहरात कामाला जाणाऱ्या सायकलस्वारांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडायचे. एक कचेरीतला कारकून किंवा मास्तर. दुसरा कारखान्यातला कामगार. दोघांची सायकल एकच, रस्ता एकच. पण कपड्यांचा प्रश्न अगदी वेगळ्या रीतीने सुटायचा.

कारकुनाचं बघू. त्याच्याकडे बरे म्हणावेत असे कपडे दोन, फार तर तीन जोड. धोब्याकडे टाकणं परवडलं तर ठीक, नाहीतर घरीच तांब्यात निखारे घालून इस्त्री, किंवा रात्री पँटची घडी गादीखाली. सकाळी निघताना सीटच्या खालचं फडकं काढून सायकल पुसायची, त्याच फडक्याने चेनकव्हरवरून हात फिरवायचा, उजव्या पायाला क्लिप लावायची. उन्हाळ्यात कॉलरच्या आत हातरुमाल, घामाने कॉलर पिवळी पडू नये म्हणून. डबा हँडलला, फाइल कॅरियरला. चुकून डाग पडलाच तर संध्याकाळी रॉकेलचा बोळा आणि मग साबण. आणि पँटची बैठक? चामड्याच्या सीटवर घासून घासून ती आधी चकाकायची, मग विरायची, मग रफूवाल्याकडे जायची. शर्ट चांगला आणि पँट मागून रफू केलेली, ही तेव्हाच्या मध्यमवर्गाची खूणच म्हणा ना. १९७० च्या दशकात बेलबॉटमची फॅशन आली, तेव्हा तर क्लिपला पुन्हा चांगले दिवस आले. त्या पायघोळ पँटी चेनला आमंत्रणच होतं.

कचेरीत पोचल्यावर या माणसाला काय मिळायचं? सायकल लावायला भिंत आणि कोट टांगायला खुंटी. बस्स.

आता कामगार. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. १९४६ मध्ये तिथेच किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, मग आकुर्डी, चिंचवड, भोसरी असे एकामागून एक कारखाने आले. पाळी सुटायच्या वेळी सायकलींचा लोंढा रस्त्यावर यायचा. हा कामगार घरून साध्या कपड्यांत निघायचा. कारखान्यात कामाचे कपडे वेगळे. सुटताना हातपाय धुऊन, पुन्हा आपले कपडे घालून घरी.

हे आपोआप झालं नाही. त्यामागे कायदा होता. १९४८ चा कारखाने अधिनियम. त्याचं कलम ४२ म्हणायचं, कामगारांना धुण्याची पुरेशी सोय हवी, स्त्रिया आणि पुरुषांसाठी वेगळी आणि आडोशाची हवी, हाताशी हवी आणि स्वच्छ ठेवलेली हवी. आणि आजच्या भागाच्या शीर्षकात आहे ते कलम ४३. कामाच्या वेळात अंगावर नसलेले कपडे ठेवायला जागा आणि ओले कपडे वाळवायला जागा, यांची सोय कारखान्यांनी करावी, असे नियम राज्य सरकारला करता येतील, असं ते कलम सांगायचं.

परत ऐका. ओले कपडे वाळवायला जागा. कामगार कायद्यात! ज्याने हे लिहिलं त्याच्या डोळ्यांसमोर सायकल असेलच असं नाही. तेल, रसायनं, भट्टीची धग, त्यातून येणारी घाण आणि घाम, हा मुख्य विचार. पण पावसाळ्यात सायकलवरून भिजत आलेल्या कामगारालाही त्या कलमाचा आधार होता. सगळ्या कारखान्यांनी ते मनापासून पाळलं असं मी म्हणणार नाही. पण मागायला आधार होता, युनियनला बोट ठेवायला एक ओळ होती.

कारकुनासाठी तशी ओळ नव्हती. कारखान्याबाहेरच्या कामाला, म्हणजे कचेरी, शाळा, दुकान यांना हा कायदा लागूच नव्हता. गंमत अशी की समाजात कारकून 'पांढरपेशा'. शब्दच कपड्यांवरून आलेला. पांढरे कपडे ही त्याची प्रतिष्ठा. आणि ते पांढरे ठेवायची जबाबदारी संपूर्णपणे त्याची एकट्याची, आणि खरं सांगायचं तर त्याच्या घरच्या बाईची. रॉकेलचा बोळा, साबण, तांब्यातले निखारे, हे सगळं काम कोण करत होतं? पांढरपेशा माणसाचा पांढरेपणा घरातल्या बाईच्या हातांनी टिकत होता.

पाऊस

पावसाचं थोडं बोलू. पुण्यात जून ते सप्टेंबर सायकलवाल्याची खरी परीक्षा. शेतकऱ्याकडे घोंगडी होती, इरलं होतं, पण इरलं घालून सायकल चालवता येत नाही. रबरी रेनकोट आले. कोलकात्यात १९२० मध्ये सुरू झालेल्या बेंगॉल वॉटरप्रूफ कंपनीचे 'डकबॅक' रेनकोट देशभर गेले. पण रेनकोटचा सायकलवर एक घोळ असतो. बाहेरून पाणी येत नाही, पण आतून घामाने माणूस भिजतोच. आणि गुडघ्याखाली तर काहीच वाचत नाही. पुढच्या चाकाचं पाणी पायावर, मागच्या चाकाचा चिखल पाठीवर. मग उपाय काय? पँट गुडघ्यापर्यंत वर, चपला पायात, आणि बूट-मोजे पिशवीत. कचेरीच्या जिन्याखाली उभं राहून पाय पुसायचे, पँट खाली करायची, बूट चढवायचे. टेबलाखाली ओले मोजे काढून बसलेला मास्तर किंवा कारकून हे पावसाळ्यातलं नेहमीचं दृश्य.

यात गणवेशवाल्यांची स्थिती जरा बरी. पोस्टमनला खाकी. चिखल खाकीवर कमी दिसतो आणि डाग पडला तरी तो कामाचाच डाग समजला जातो. मुंबईचे डबेवाले बघा. १८९० पासूनची परंपरा. पांढरा सदरा, पायजमा आणि टोपी. डबे पोचवायला लोकल आणि सायकल दोन्ही. पांढरा रंग मळतो खरा, पण ढगळ सदरा हवेशीर, आणि टोपी ही ओळख. घामाला कोणी नावं ठेवत नाही, कारण घाम हेच त्यांच्या कामाचं प्रमाणपत्र आहे. म्हणजे बघा, घाम लपवायची सक्ती सगळ्यांवर सारखी नसते. खुर्चीवर बसणाऱ्यावर ती सगळ्यात जास्त.

ज्या यंत्राला चेन नव्हती

आणि आता येतो या गोष्टीतला कळीचा टप्पा. १९४६ मध्ये इटलीत 'व्हेस्पा' स्कूटर आली. तिचा रचनाकार कोर्राडिनो दास्कानियो हा मुळात विमानाचा अभियंता. मोटरसायकल त्याला आवडत नसे. का? तर ती घाणेरडी, कपडे खराब करणारी. म्हणून त्याने काय केलं? इंजिन पत्र्याच्या आत झाकलं. ते मागच्या चाकाच्या शेजारीच बसवलं, त्यामुळे चेन लागलीच नाही. पुढे पायांच्या समोर रुंद पत्रा दिला, चिखल अंगावर येऊ नये म्हणून. मधे सपाट जागा ठेवली, टांग न टाकता बसता यावं म्हणून. थोडक्यात, कामाच्या कपड्यांत बसायचं वाहन.

त्याच व्हेस्पाचा परवाना घेऊन बजाजने भारतात स्कूटर बनवली, आणि परवान्याचा करार संपल्यावर १९७२ मध्ये 'चेतक' आणली. आकुर्डीला, पुण्याच्या दारात! त्याच साली कायनेटिकची 'लूना' आली. मधे दांडी नाही, साडी नेसूनही बसता येईल अशी. स्कूटरसाठी लोकांनी वर्षानुवर्षं नंबर लावले.

पुण्याने सायकल का सोडली, याची कारणं पुष्कळ आहेत. शहर पसरलं, अंतरं वाढली, पगार वाढले, मोठ्या गाड्या वाढल्या आणि रस्ता सायकलवाल्याला धोक्याचा झाला. पण माझं म्हणणं असं की या यादीत कपड्यांनाही जागा द्या. ज्या कारकुनाला कचेरीने शंभर वर्षांत एक खुंटी सोडून काही दिलं नाही, त्याला स्कूटरने एका फटक्यात सगळं दिलं. घाम नाही, चेन नाही, चिखल कमी, पँटची बैठक शाबूत. त्याने स्कूटर घेतली यात नवल काय? आधी प्रश्न त्याने क्लिपने सोडवला होता, आता कर्ज काढून सोडवला. दोन्ही वेळा खिसा त्याचाच.

स्कूटर-मोटरसायकलने एक जुना प्रश्न मात्र परत आणला. मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली बाई आणि तिची साडी, तिचा पदर, मुलींची ओढणी. चाकात अडकून जीव गेल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. म्हणून १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये नियम १२३ आला. मागे बसणाऱ्याला धरायला पकड हवी, पाय ठेवायला जागा हवी, आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारं संरक्षण हवं, मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून. आपण ज्याला साडीगार्ड म्हणतो ते हेच. इंग्लंडमधल्या लेडीज सायकलवर दोऱ्यांची जाळी विणली गेली होती. तिचं काम तेच होतं. फरक इतकाच की ती जाळी बनवणाऱ्याच्या मर्जीवर होती आणि साडीगार्ड ही कायद्याची सक्ती झाली. बायकांनी साडी जपून नेसावी, असं म्हणून विषय संपवला नाही, तर यंत्र बनवणाऱ्यावर जबाबदारी टाकली. असं करता येतं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आज

आता सायकलचं पुन्हा कौतुक सुरू झालं आहे. २०१७ मध्ये पुणे महापालिकेने सायकल आराखडा केला. ट्रॅक, पार्किंग, भाड्याच्या सायकली, बरंच बोललं गेलं. ट्रॅक हवेतच, त्याबद्दल वाद नाही. पण आजची सगळी गोष्ट ऐकल्यावर तुमच्या लक्षात आलं असेल, की प्रवास सायकल लावली तिथे संपत नाही. तो संपतो टेबलाशी, नीटनेटक्या कपड्यांत. त्या मधल्या पन्नास पावलांचा विचार कोणी करायचा?

उत्साहाने सायकल घेणाऱ्याला बाजार लगेच उत्तर देतो. घाम शोषणारा टी-शर्ट घ्या, पाणी न शिरणारी बॅग घ्या, न चुरगळणारी पँट घ्या. हे ॲलिस बायग्रेव्हच्या पुलीचंच आजचं रूप. वाईट नाही, पण पुन्हा खर्च स्वाराचाच.

आणि जे हौसेने नाही तर गरजेने आजही सायकलवर आहेत त्यांचं काय? सोसायटीचा वॉचमन गणवेश पिशवीत घालून आणतो आणि त्या टीचभर केबिनमध्ये, पडदा नसेल तर पाठ करून बदलतो. बांधकामावरचा मजूर, दुकानातला पोऱ्या, घरकामाला येणाऱ्या ताई. चार घरी कामं करणारी बाई भिजून आली, तर ओल्या साडीतच फरशी पुसते. तिच्या कामाच्या जागेला कलम ४३ कधीच लागू नव्हतं, कारण ती जागा म्हणजे आपलं घर. इथे सरकारची वाट बघायची गरज नाही. एक कोरडा टॉवेल, कपडे बदलायला पाच मिनिटं आतली खोली आणि ओली साडी टाकायला बाल्कनीतली दोरी, इतकंच लागतं.

कचेऱ्यांचंही तेच. एक न्हाणीघर, चार कप्प्यांचं कपाट, एक दोरी. नवीन इमारतीत गाड्यांसाठी तळघराचे मजलेच्या मजले बांधले जातात, त्यात एवढी जागा निघत नाही असं नाही. १९४८ मध्ये कारखान्यासाठी जे सुचलं होतं, ते आज कचेरीसाठी सुचायला हरकत नाही.

तर मंडळी, आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या घरात जुनी पँटची क्लिप सापडली, आजोबांचा सोगा खोचायचा काही खास प्रकार आठवला, किंवा आईने-आजीने साडीत सायकल कशी चालवली याची गोष्ट असेल, तर आम्हाला जरूर लिहून पाठवा. क्लिप म्हणजे काय हे घरातल्या पोरांना माहीत नसेल, तर एकदा लावूनही दाखवा. आणि उद्या सकाळी कोणी भिजून दारात आलं, तर आधी टॉवेल द्या, चौकशा नंतर करा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.